तळाशी पंधराजणी

ऑर्वोक्कीने मला काप घ्यायला शिकवलं
कुओपिओच्या प्रयोगशाळेत, जिथे नोव्हेंबरात
खिडकीतून तळं दिसत नाही, नुसता फिका ठिपका.
मेणाच्या ठोकळ्यात उंदराचं आतडं,
पात्याखालून सुटणारी केसाहून बारीक फीत,
ती कोमट पाण्यावर तरंगू द्यायची
आणि काचेवर अलगद झेलायची.
श्वास धर, म्हणायची. इथे फुंकरसुद्धा वादळ.

भिंगातून पहिल्यांदा पाहिलं तेव्हा
बोटंच बोटं, वर उभारलेली, जांभळ्या रंगात बुडालेली,
आणि दोन बोटांच्या बेचक्यात खाली एकेक विहीर.
प्रत्येक विहिरीच्या तळाशी पंधराजणी, कधी चौदा.
त्या रोज दुभंगतात.
रविवारी, नाताळात, उंदीर झोपलेला असतानाही.

लेकी वर चढत जातात.
सोमवारी विहिरीच्या गळ्याशी,
मंगळवारी काठावर,
बुधवारी बोटाच्या अर्ध्यात, रस शोषत, कामाला जुंपलेल्या,
आणि गुरुवार-शुक्रवारकडे टोकावरून
हात सुटतो.
याला मरण म्हणतात का, मी विचारलं.
जागा करून देणं म्हणतात, ती म्हणाली, काच पुसत.

तळाशी आणखीही काहीजणी असतात,
वर न गेलेल्या, दाणेदार, पोटात औषध बाळगणाऱ्या.
त्या पंधराजणींना खेटून बसतात आणि सांगत राहतात:
वाढ.
वाढ, जशी ताटात घालतात ती,
आणि वाढ, जशी अंगाला येते ती.
दोन्ही एकच.

आणि एक जनुक असतं, ज्याचं काम
ताटावर आडवा हात धरणं.
पुरे.
एवढंच येतं त्याला.
प्रत्येक पेशीत असे दोन हात, एक आईकडचा, एक बापाकडचा.
एक लुळा असला तरी दुसरा निभावून नेतो,
वर्षानुवर्षं, कुणाला कळतही नाही.

रंगीत उंदरांचं वर्ष आठवतं.
विहिरीतल्या पंधराजणींना वेगवेगळे रंग दिले होते:
निळी, पिवळी, तांबडी, शेवाळी.
काही आठवड्यांनी पाहिलं तर
ही विहीर अख्खी पिवळी, ती अख्खी निळी.
मी म्हटलं, पिवळी जिंकली.
ऑर्वोक्की हसली नाही.
आमच्या गावात तळ्याकाठी पंधरा घरं होती, म्हणाली,
आता टपालपेट्यांवर एकच आडनाव.
कोणी कोणाशी भांडलं नव्हतं.
कोणाला मुलीच झाल्या, कोणी स्वीडनला गेलं,
कोणी बर्फ पातळ असताना तळं ओलांडायला निघालं.

जुन्या कपाटातला तो ठोकळा मात्र
तिने मला दिला नाही.
त्यावर नाव नव्हतं, क्रमांक होता.
उंदराचा नव्हता, एवढं आकारावरून कळलं.
तिने स्वतः कापला, स्वतः रंगवला,
आणि भिंगापासून उठली नाही जेवणाची वेळ टळली तरी.
नंतर मी डोकावले.
बोटं नव्हतीच तिथे. विहिरीवर विहिरी,
एकमेकींत घुसलेल्या, तळच वर आलेला,
जंगलात सप्टेंबरात अळंबी उगवतात तसे गठ्ठे.
तैस्तो, म्हणाली. माझा भाऊ. एकोणचाळीस.
दुसरा हातही सुटला होता.

तू तपासून घेतलंस का,
हे मी विचारलं नाही.
आतडं तुटणं म्हणतात ते मला
तोवर नुसतं बोलण्यातलं वाटायचं.

गेल्या शुक्रवारी तिच्या पोटात जे अस्तर होतं
ते आज नाही. एकही पेशी तीच नाही.
आणि तीस वर्षं पोटात ठेवलेलं
जागचं हललेलं नाही.

साडेतीनला अंधार पडतो.
वेलदोड्याचा पाव, चौथी कॉफी.
मी किटली तिच्या कपाकडे नेते
आणि ती, खिडकीबाहेरच बघत,
कपावर हात ठेवते.
मी त्या हाताकडे बघत राहते,
किटली जड होईपर्यंत.